मदत हवी आहे: नर्सिंग होमच्या प्रशासनातून पूर्णवेळ अध्यापनात जायचे आहे, पीएच.डी. करावी की डीएचए?

शरयू:
नमस्कार. मी अमेरिकेत ओहायो राज्यात एका नर्सिंग होमची, म्हणजे वृद्धांच्या दीर्घकालीन निवासी शुश्रूषा केंद्राची, परवानाधारक ॲडमिनिस्ट्रेटर आहे. जवळच्या विद्यापीठात आरोग्य व्यवस्थापनाच्या पदवी अभ्यासक्रमाला वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा एक विषय मी संध्याकाळी शिकवते आणि आता पूर्णवेळ याच क्षेत्रात अध्यापन करावे असे मनाने घेतले आहे. विभागप्रमुखांनी ‘डॉक्टरेट असली तर पुढचे बोलता येईल’ एवढेच सांगितले. पीएच.डी. करावी की डॉक्टर ऑफ हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे डीएचए करावी, इतकाच माझा प्रश्न आहे. काही विद्यापीठांच्या अर्जाची मुदत डिसेंबरमध्ये संपते, त्यामुळे कृपया थेट उत्तर द्यावे. निवृत्तीनंतर शिकवा, हा सल्ला बऱ्याच जणांकडून मिळून चुकला आहे.

निखिल_कोलंबस:
थेट उत्तर देण्याइतकी माहिती आपण दिलेली नाही. आपली पदव्युत्तर पदवी कशातली आहे आणि ती भारतातली की इथली? आपण एच-१बी व्हिसावर आहात की ग्रीन कार्ड आहे? हा प्रश्न आगाऊपणाने विचारत नाही. एच-१बीवर असताना नोकरी एका संस्थेत आणि संध्याकाळचे मानधनाचे अध्यापन दुसऱ्या संस्थेत करायचे असेल, तर त्या दुसऱ्या संस्थेने स्वतंत्र अर्ज दाखल केलेला असावा लागतो. आणि पूर्णवेळ अध्यापन म्हणजे टेन्युअर ट्रॅक (कायमस्वरूपी नेमणुकीकडे नेणारे, संशोधनाचे पद), की केवळ शिकवण्याचे कंत्राटी पद? या दोन्ही वाटा अगदी वेगळ्या आहेत.

देवगिरी:
पीएच.डी., यात मला तरी शंका नाही. मी स्वतः आरोग्यसेवा संशोधनात पीएच.डी. केली असून चांगल्या विभागांत शुल्क माफ होते आणि निर्वाहापुरते विद्यावेतनही मिळते, तर डीएचएचा खर्च बहुतेकांना स्वतः सोसावा लागतो. शिवाय आपल्या विषयाइतका विदा (डेटा) फार थोड्या विषयांत उपलब्ध आहे. नर्सिंग होममधल्या प्रत्येक रहिवाशाच्या मूल्यमापनाचा एमडीएस हा नोंदसंच, २०१६ पासून पगारपत्रकावरून गोळा होणारी मनुष्यबळाची आकडेवारी, तपासणीतल्या त्रुटींचे अहवाल आणि ब्राउन विद्यापीठाने सर्वांसाठी खुला ठेवलेला ‘एलटीसी फोकस’ हा संग्रह, एवढे हाताशी असताना प्रश्नांना तोटा नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२४ मध्ये दर रहिवाशामागे दिवसाला किमान ३.४८ तास शुश्रूषेचा नियम केला आणि २०२५ मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो रद्द केला. अशा नियमाने जमिनीवर काय बदलले असते, हे आपल्यासारखी आतली व्यक्तीच नीट विचारू शकेल.

कृष्णाकाठ:
देवगिरी यांचा सल्ला पंचविशीतल्या विद्यार्थ्याला योग्य आहे. पूर्णवेळ पीएच.डी. म्हणजे चार-पाच वर्षे पगार सोडणे आणि त्यानंतर नोकरीसाठी राज्याबाहेरही जायची तयारी ठेवणे. मी मेडिकल युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायनामधून डीएचए केली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ती रचना आहे. आज मी व्यवस्थापन शिकवतो आणि माझ्या पदवीवर कोणीही बोट ठेवलेले नाही.

देवगिरी:
आपण कोणत्या पदावर शिकवता, तेही सांगावे. संशोधनप्रधान विद्यापीठाच्या निवड समितीपुढे डीएचएचा उमेदवार टेन्युअर ट्रॅकसाठी टिकणे अवघड असते, हे मी समितीत बसून पाहिले आहे.

कृष्णाकाठ:
क्लिनिकल असोसिएट प्रोफेसर. टेन्युअर नाही, करार दर काही वर्षांनी नव्याने होतो, आणि मला त्याचे वैषम्य नाही. धागाकर्तीने टेन्युअर हवे असे कुठेही लिहिलेले नाही; ते आपण गृहीत धरत आहात.

अरुणोदय:
माझ्या मते आपण भारतात परतण्याचा विचार करावा. टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाचे शिक्षण फार पूर्वीपासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून त्यासाठी पीएच.डी.ची अट नाही, मात्र आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. आपल्याकडे वृद्धांची संख्या वाढत आहे आणि अशा तज्ज्ञांची गरज आहे. जाता जाता विचारतो, पुण्यात माझ्या ८४ वर्षांच्या काकूंसाठी चांगले केंद्र शोधत आहोत, ते निवडताना काय पाहावे?

तगर:
अरुणोदय, काकूंसाठी आपण स्वतंत्र धागा काढावा, मी तिथे सविस्तर लिहीन, कारण तो प्रश्न घाईने उरकण्यासारखा नाही. परतण्याच्या सूचनेविषयी मात्र इथेच सांगते. मी मुंबईत रुग्णालय प्रशासन शिकवते. आमच्या अभ्यासक्रमात बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रियागृह, साठा आणि खरेदी, विमा, दर्जा-मानांकन हे सारे असते, पण वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहणाऱ्या वृद्धाची शुश्रूषा कशी चालवावी याला जेमतेम एखाद-दोन तास मिळतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. परंतु ते चालवणाऱ्या प्रशासकाने अमेरिकेसारखी परीक्षा देऊन परवाना घ्यावा, अशी अट त्यात नाही. अट नाही म्हणून अभ्यासक्रम नाही, आणि अभ्यासक्रम नाही म्हणून शिक्षकाची जागाही नाही. तिकडे अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायद्याच्या १९६७ च्या दुरुस्तीने राज्यांना प्रशासकांचे परवाने बंधनकारक केले आणि त्यातूनच या विषयाला विद्यापीठात जागा मिळत गेली. म्हणून शरयूताईंनी निदान पदवी तरी तिथेच घ्यावी.

शरयू:
सर्वांचे आभार, पण चर्चा भारतात परतण्यापर्यंत जाईल असे वाटले नव्हते. राहिलेली माहिती देते. मी मूळची फिजिओथेरपिस्ट. एमएचए ही प्रशासनातली पदव्युत्तर पदवी पुण्याची आहे आणि तिचे मूल्यांकन इथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून परवान्याच्या वेळीच करून घेतले होते. ग्रीन कार्ड हाती आहे. पती आणि मुलगी इथेच असल्याने राज्य सोडणे शक्य नाही.

टेन्युअरचा विचार मी केलेला नाही. मला शिकवायचे आहे, कारण आमच्याकडे प्रशिक्षणार्थी म्हणून येणारी मुले नर्सिंग होमना सरकार देते त्या पंचतारांकित मानांकनाचे कोष्टक तोंडपाठ म्हणतात, पण पहाटे पावणेसहाला दोन नर्सिंग असिस्टंट येणार नसल्याचा फोन आला की गोंधळून जातात. स्मृतिभ्रंशाच्या विभागात न्याहरीला आठ जणांना घास भरवावा लागतो आणि मदतीला एकटीच बाई उरते. अशा वेळी कार्यालयातले कोण एप्रन बांधून खाली येईल, बदली कर्मचारी पुरवणाऱ्या एजन्सीला किती वाजेपर्यंत फोन करायचा, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलण्याची वेळ चुकू नये म्हणून काम कसे वाटायचे, आणि रात्रपाळीच्या बाईला आणखी चार तास थांबायची विनंती करताना तिची थकलेली पाठही कशी लक्षात ठेवायची, हे त्यांना वर्गात कोणीच दाखवलेले नसते. मानांकनातला मनुष्यबळाचा तारा याच सकाळींमधून तयार होतो. विद्यार्थ्यांना हा दुवा दिसावा, एवढ्यासाठी माझी ही धडपड आहे.

निखिल_कोलंबस:
ग्रीन कार्ड असल्याने माझी मुख्य शंका मिटली. राज्य सोडायचे नसेल तर ऑक्सफर्ड गावातल्या मायामी विद्यापीठाकडे पाहावे. नाव फ्लोरिडाची आठवण करून देणारे असले तरी ते ओहायोतलेच आहे. तिथे सामाजिक जराशास्त्राची, म्हणजे वार्धक्याच्या सामाजिक अभ्यासाची, पीएच.डी. होते आणि तिथले स्क्रिप्स जराशास्त्र केंद्र राज्यातल्या नर्सिंग होमची सर्वेक्षणेही अनेक वर्षे करत आले आहे. आपले घर तिथून किती दूर आहे, ते मात्र आपण सांगितलेले नाही.

सायली_मिनेसोटा:
पदवीच्या वादाआधी एक गोष्ट तपासायला हवी, ती इथे कोणीच विचारलेली नाही. आपल्या विभागाला कोणाची मान्यता आहे? पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे मूल्यमापन केहमी करते, पदवी अभ्यासक्रमांना ऑफाचे प्रमाणन असते, विभाग व्यवस्थापन महाविद्यालयात असेल तर एएसीएसबीचे निकष लागतात, आणि प्रशासक परवान्याची राष्ट्रीय परीक्षा घेणारी नॅब ही संस्थादेखील दीर्घकालीन शुश्रूषेच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. यांतली प्रत्येक संस्था शिक्षकाकडे निराळ्या नजरेने पाहते. एएसीएसबीच्या वर्गवारीत अनुभवी व्यावसायिकांसाठी वेगळे गट आहेत. नॅबच्या मान्यतेसाठी अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष केंद्रातले दीर्घ प्रशिक्षण जोडलेले असते, त्यामुळे ते चालवणारी, केंद्रांशी करार करणारी आणि तिथल्या मार्गदर्शकांना ओळखणारी व्यक्ती विभागाला लागतेच. अशी माणसे सहज मिळत नाहीत. परवाना आणि चालवलेले नर्सिंग होम पाठीशी असलेली व्यक्ती त्या जागेसाठी पीएच.डी. झालेल्या संशोधकापेक्षाही मोलाची ठरू शकते, आणि ही जागा बहुधा क्लिनिकल ट्रॅकचीच असते.

म्हणून विभागप्रमुखांना लेखी विचारावे: जागा कोणत्या ट्रॅकची आहे, जाहिरात कधी निघणार, डॉक्टरेट नेमणुकीआधीच हवी की ती चालू असताना नेमणूक होते, आणि डीएचए चालते का. हे उत्तर हाती आल्याशिवाय कुठेही शुल्क भरू नये. शिकवण्यासाठी नोकरी सोडली तरी परवाना मात्र सोडू नये. निरंतर शिक्षणाचे तास पूर्ण करून तो चालू ठेवावा, कारण निवड समितीपुढे आपले वेगळेपण तोच दाखवेल.

देवगिरी:
सायली यांचे म्हणणे मान्य आहे. क्लिनिकल ट्रॅक निश्चित असेल तर माझा पीएच.डी.चा आग्रह उरत नाही. मात्र विभागाची मर्जी फिरली, तर पुढच्या विद्यापीठात पीएच.डी. अधिक दारे उघडते, एवढे लक्षात असू द्यावे.

कृष्णाकाठ:
आणि तोपर्यंत संध्याकाळचा विषय सोडू नये. विद्यार्थ्यांचे अभिप्राय, स्वतः घडवलेला अभ्यासक्रमाचा आराखडा आणि सकाळच्या फोनसारखे प्रसंग लिहून तयार केलेली अभ्यासप्रकरणे एकत्र ठेवावीत. मुलाखतीत नमुना व्याख्यान द्यायला सांगतात, तेव्हा हेच साहित्य कामाला येते.

शरयू:
विभाग व्यवस्थापन महाविद्यालयात नाही, नॅबच्या मान्यतेसाठी अर्ज करण्याचे चालले आहे असे कानावर आले होते, पण त्याचा माझ्या प्रश्नाशी संबंध असेल हे लक्षात आले नव्हते. सायली, आपले चारही प्रश्न आज रात्रीच विभागप्रमुखांना पाठवते. निखिल, ऑक्सफर्ड आमच्या घरापासून गाडीने सव्वा तासावर आहे, तेव्हा तिथला अर्जही तयार ठेवते. तिथे अर्धवेळ पीएच.डी. करणारे इथे कोणी असल्यास कृपया लिहावे.