झोप पुरेशी होऊनही डोळ्यांखाली काळं, मदत हवी आहे

नमस्कार. या विषयावर आधी बरंच लिहिलं गेलं असणार, पण "झोप घे, पाणी पी" याच्या पुढचं काही हवंय म्हणून धागा काढतेय.

झोप व्यवस्थित होते. तरी भेटणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "काय गं, जागरण झालं का?" हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घेतलंय, दोन्ही नॉर्मल. आईच्या डोळ्यांखालीही असंच आहे, तिच्या तरुणपणीच्या फोटोतसुद्धा दिसतं. सकाळी उठले की नाक चोंदलेलं असतं आणि डोळ्यांना इतकी खाज येते की चोळल्याशिवाय राहवत नाही.

काकडी, बटाटा, बदामतेल सगळं लावून झालं. गार वाटतं, बास. आता मैत्रीण लिंबू लाव म्हणतेय, पण धजत नाहीये. क्रीमने हे जातं का? आणि डॉक्टर त्वचेचा गाठायचा की डोळ्यांचा?

चष्मिष: लिंबू अजिबात नको! तिथली त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. आधी आग होणार, मग लाल होणार, आणि लाली गेली की मागे नवा डाग. सावळ्या त्वचेवर तर हमखास.

टिकली: +१. आईचंही तसंच आहे म्हणजे थोडंफार आनुवंशिक असणार. तेवढं मान्य करून पुढे जायचं.

निवांत: त्वचारोगाची डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. क्रीम घेण्याआधी काळं नेमकं कशाचं आहे ते बघा. दिवसा खिडकीपाशी आरसा घ्या आणि खालची पापणी बोटाने हलकेच खाली ताणा. तपकिरी रंग जसाच्या तसा राहिला तर ते रंगद्रव्य. निळसर-जांभळी छटा जास्तच उठून दिसली तर त्या पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या. आणि उजेड समोरून घेतल्यावर काळं जवळजवळ नाहीसं झालं, तर ती निव्वळ खोलगट भागाची सावली, तिला क्रीम काय करणार? बहुतेकांत यांची सरमिसळ असते.

तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय अ‍ॅलर्जीचा येतो. नाक आतून सुजलं की डोळ्यांखालच्या शिरांतलं रक्त तुंबतं, त्याने निळसर दिसतं. वर रोजचं चोळणं, त्याने तपकिरी रंग चढतो. म्हणजे आधी नाकाचा आणि खाजेचा इलाज, मग क्रीम. उलट क्रमाने केलंत तर पैसे वाया. खाज आली की चोळण्याऐवजी गार पाण्याची पट्टी ठेवा.

रंगद्रव्यासाठी झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन रोज. त्याशिवाय बाकी काही लावण्यात अर्थ नाही. सोबत व्हिटॅमिन सी, किंवा सौम्य रेटिनॉल एक रात्र सोडून (गरोदरपणात नको). फरक पडायला महिने लागतात. "सात दिवसांत गायब" लिहिलेली ट्यूब दुकानातच ठेवून या. कॅफीनच्या जेलने रक्तवाहिन्या थोडा वेळ आकसतात, समारंभापुरतं ठीक.

एक कळकळीची विनंती: गोरं करणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमं डोळ्यांजवळ नकोतच. त्वचा आणखी पातळ होऊन शिरा जास्त दिसतात, डोळ्यातला दाबही वाढू शकतो.

पाटीपेन्सिल: सावलीवर फिलर (खोलगट भाग भरून काढणारं इंजेक्शन) करतात ना? करावं का?

निवांत: खरोखर खड्डा असेल तर उपयोग होतो. पण फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर, क्वचित का होईना, दृष्टी जाऊ शकते. पार्लरमध्ये तर मुळीच नको.

धागाकर्ती: खूप आभार! ताणून पाहिलं. कडेला तपकिरी आहे, नाकाच्या बाजूला चक्क जांभळं. म्हणजे दोन्ही. आधी कान-नाक-घसावाल्यांकडे जाते, मग त्वचेच्या डॉक्टरकडे.

चष्मिष: जरा अवांतर. बाबांना काचबिंदूचे थेंब सुरू झाल्यापासून दोन्ही डोळ्यांभोवती काळं झालंय. संबंध असेल?

निवांत: असू शकतो. लॅटॅनोप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट या गटातल्या थेंबांनी असं होतं. पण थेंब मनाने बंद करू नका, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. थेंब घातल्यावर पापणीवर ओघळलेलं लगेच टिपून घ्यायला सांगा आणि पुढच्या तपासणीत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, औषध बदलायचं का ते तेच ठरवतील.