समुद्रापासून ३०० मीटरवर परसदाराला कुंपण कसले घालावे?

परसातली_तांबडी_भाजी (मांद्रे)

नमस्कार मंडळी. सासरचे घर मांद्र्यात, भरतीरेषेपासून अंदाजे ३०० मीटरवर. पुढे रस्ता आणि चिऱ्यांची कमरेएवढी जुनी भिंत, तिला काही धाड भरलेली नाही. प्रश्न मागच्या बाजूचा आहे. परस पश्चिमेला उघडे, पलीकडे आमचेच माड आणि त्यापुढे वाळूच्या टेकड्या. तिथे लोखंडी अँगल आणि चेनलिंक जाळी होती. लावणाऱ्याने 'जीआय (जस्त चढवलेले लोखंड) आहे, काळजी नको' म्हणून सांगितले होते. आता जाळी हातात चुरडते आणि अँगलचे पापुद्रे निघतात. गावातली गुरे रात्री निवांत आत येतात, अळसांदे आणि तांबडी भाजी खाऊन जातात.

घरात तीन मते. सासूबाईंना पूर्वीसारखी वई (काठ्या-झावळ्यांचे कुंपण) हवी. नवऱ्याला भिंत हवी. मुलगा पुण्याहून डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेल्या) फळ्यांचे फोटो पाठवतो. लांबी सुमारे ५० मीटर. माझ्या अटी दोनच: गुरे अडली पाहिजेत आणि दुपारचा वारा अडता कामा नये, नाहीतर मे महिन्यात सासूबाई आम्हालाच घराबाहेर काढतील.

वाळपईवाला

सरळ सात फुटी भिंत बांधा. एकदाच खर्च, कटकट संपली.

म्हापशाचा_वेल्डर

वाळपईत बसून समुद्राला भिंत सुचवणे सोपे आहे हो भाऊ.

ताई, मी फॅब्रिकेशनच करतो, बार्देश-पेडण्यात गेटे आणि जाळ्या लावत फिरतो. जरा सविस्तर लिहितो.

लोकांना वाटते पावसाने गंज येतो. किनाऱ्यावर खरे नुकसान होते ते फेब्रुवारी ते मे. रोज दुपारी समुद्रावरून वारा येतो, मीठ आणून बसवतो आणि धुवायला पाऊस नसतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून लोखंड कोरड्या दिवसांतही ओलेच राहते. जून आला की उघड्या भागावरचे मीठ धुऊन जाते. जिथे पाऊस पोचत नाही तिथले मात्र तसेच बसते. तुमची जुनी जाळी अजून टाकली नसेल तर बघा: गंज वरच्या पाइपच्या खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या आत आणि तार अँगलला बांधली त्या गाठीवर जास्त दिसेल. म्हणून कुंपण कसलेही घाला, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा विहिरीच्या गोड्या पाण्याने पाइप लावून धुवा. फुकटात याहून चांगला उपाय नाही.

आता 'जीआय'. हे नुसते 'मासे द्या' म्हटल्यासारखे आहे. तारले की इसवण, ते ठरवल्याशिवाय भाव करायचा नसतो. लोखंडावर जस्त किती चढवले आहे ते विचारायचे. तारेवरचे जस्त चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात. त्या आकड्याला ७ ने भागले की मायक्रॉनमध्ये जाडी मिळते. ५० ग्रॅमची तार म्हणजे जेमतेम ७ मायक्रॉन, २४० ग्रॅमची म्हणजे ३४ च्या आसपास. आयएसओ ९२२३ या मानकात खाऱ्या हवेचे वर्ग आहेत. मध्यम खाऱ्या जागी जस्त वर्षाला २ ते ४ मायक्रॉन झिजते, जास्त खाऱ्या जागी ४ ते ८. तुमची जाळी का गेली ते या हिशेबातच आले. उलट ३ ते ६ मिलिमीटर जाडीचा अँगल हॉट डिप केला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढला, तर थर सरासरी ७० मायक्रॉनचा बसतो. तोच अँगल मांद्र्याच्या हवेत दहा-पंधरा वर्षे आरामात काढेल.

पण अट एक: कापणे, भोके पाडणे, वेल्डिंग सगळे आधी आणि हॉट डिप शेवटी. जागेवर वेल्डिंग केले की त्या जागचे जस्त जळून जाते. वर चांदीचा रंग मारून देतात, तो दिवाळीपुरता. निदान जस्ताचे प्रमाण जास्त असलेला प्रायमर तरी मारून घ्या. हिरव्या पीव्हीसी वेष्टनाच्या जाळीला भुलू नका. कापलेल्या टोकातून मीठ आत शिरते, वरून जाळी हिरवीगार आणि आतून तार गेलेली, कळतच नाही.

सिमेंटचे तयार खांबही मी किनाऱ्यावर सुचवत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात खाऱ्या तुषारांच्या जागी सळीवर ४५ ते ५० मिलिमीटर काँक्रीट हवे असे आहे. खांब असतो १०० मिलिमीटरचा. चारी सळ्यांना तेवढे आवरण द्यायचे तर सगळ्या मधोमध एकाच जागी याव्या लागतील! म्हणून आवरण कमीच पडते, सळी गंजून फुगते, खांब उभा चिरतो. आणि खड्डे भरताना किनाऱ्यावरची रेती कोणालाही वापरू देऊ नका.

माझा धंदा बुडवून सांगतो: पश्चिमेला धातू कमीत कमी ठेवा. साडेतीन-चार फूट उंच चिऱ्यांचे खांब, आत सळी नाही म्हणजे फुगायला काही नाही. दोन खांबांमध्ये सात-आठ फूट अंतर. बांधतानाच तीन पातळ्यांवर भोके ठेवायची आणि त्यातून माणग्याचे (माणगा म्हणजे आपल्याकडचा बांबू) आडवे दांडे सरकवायचे. गुरांना एवढे पुरते. कुजला तो दांडा काढायचा, दुसरा घालायचा, मला फोन करायची गरज नाही. कुत्री अडवायची असतील तर दांड्यांवर उभ्या काठ्या काथ्याने बांधा. काठीएवढीच फट सोडा, वारा निम्मा आत येतो.

भिंतीबद्दल: सलग भिंतीवरून वारा उडी मारतो आणि मागे गरगरतो, झाडे वाकतात, वाळू येऊन साचते. निम्मी उघडी वई वाऱ्याचा जोर जास्त लांबवर कमी करते. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आश्वेला एकाचे पत्र्याचे कुंपण खांबांसकट आडवे झालेले मी पाहिले. बाजूची काठ्यांची वई उभी होती.

मुलाला सांगा, डब्ल्यूपीसीची फळी टिकेल, उन्हाने रंग उतरेल. पण आतला सांगाडा बहुधा लोखंडीच असतो आणि तो फळीच्या आधी जातो.

हरमलची_आजी

सासूबाईंचे बरोबर आहे हो. फक्त चुडतांची (माडाच्या विणलेल्या झावळ्यांची) वई दरवर्षी नवी घालावी लागते, आता चुडते विणणारी माणसे कुठे मिळतात? म्हणून जिवंत वई घाला.

निरगुडी लावा. खारा वारा सोसते, गुरे तोंड लावत नाहीत आणि कंबर धरली तर पाला शेकायला घरचाच. मधे मधे भेंडीचे दांडे रोवा. भाजीची भेंडी नव्हे, किनाऱ्यावर पिवळ्या फुलांचे झाड असते ती. दांडा जगला की तोच खांब. पांगाराही पूर्वी लावत, पण अलीकडे त्याच्या पानांना गाठी येतात. मोगली एरंड सगळे सुचवतील. घरात लहान पोर असेल तर नको, बी विषारी असते. शेराचा चीकही डोळ्यांना वाईट, छाटताना सांभाळायला हवे.

माणगा घेणार असाल तर कापल्यावर पंधरवडाभर खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवा, कीड कमी लागते. आमच्याकडे अमावास्येकडे कापतात. त्यात किती खरे ते देव जाणे, पण कापतात. काठीचे टोक मातीत रोवायचे नाही, वाळवीला आमंत्रण.

पेडण्याचा_सर्व्हेअर

कुंपण कसले ते वरच्या लोकांनी सांगितले. कुठे घालायचे ते मी सांगतो.

आधी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा) आणि सर्व्हे प्लॅन काढा. जुनी जाळी होती तीच हद्द असे धरून चालू नका, शेजाऱ्याशी पटत असले तरी आखणी करून घ्या. माडांतून कोणाची जुनी पायवाट किनाऱ्याकडे जात असेल तर ती बंद करू नका, पुढची भांडणे तिथूनच सुरू होतात.

२०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र आणि पुढे ५०० मीटरपर्यंत नियंत्रण. तुम्ही त्या दुसऱ्या पट्ट्यात आहात. पक्की भिंत म्हणजे पंचायत आणि गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, दोन्हीकडे विचारणे आले. चिऱ्यांचे खांबही बांधकामच, तेव्हा सामान आणण्यापूर्वी पंचायतीत अर्ज टाका. शिवाय त्याच अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग ही कासवांची ठिकाणे म्हणून नमूद आहेत, आणि वाळूच्या टेकड्यांवर काहीही करायला बंदी आहे. तुमची हद्द टेकडीला टेकत असेल तर वई दोन पावले अलीकडे घ्या, टेकडीवरची मर्यादवेल उपटू नका. खांबांवर दिवे लावलेत तर उजेड समुद्राकडे जाऊ देऊ नका, पिल्ले पाण्याऐवजी उजेडाकडे चालू लागतात.

परसातली_तांबडी_भाजी (मांद्रे)

सर्वांचे आभार. सासूबाईंना हे वाचून दाखवले, आजींच्या पोस्टला त्या दोनदा 'बघ' म्हणाल्या. नवरा भिंतीवरून खाली उतरला आहे. चिऱ्यांचे खांब, माणग्याचे दांडे, आतून निरगुडी असे ठरते आहे. उत्तरेकडे शेजाऱ्याच्या बाजूला हॉट डिपची जाळी चालेल ना? आणि मागे माडांत जायला फाटक लागेल, ते कसले?

म्हापशाचा_वेल्डर

उत्तरेला चालेल, तिथे घराचा आडोसा आहे. बिलावर जस्ताचे ग्रॅम लिहून घ्या, तोंडी नको.

फाटक लाकडी असेल तर उत्तम. लोखंडी केलेत तर पाइपच्या चौकटीला हॉट डिपपूर्वी भोके ठेवायला सांगा. बंद पाइप जस्ताच्या टाकीत फुटतो. बिजागऱ्या आणि कडी ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलची घ्या, ३०४ ची नको. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, मिठाला तेच टिकते. तरी तपकिरी डाग पडतील, घाबरू नका, कुंपण धुताना तेही पुसून काढा.

हरमलची_आजी

निरगुडीच्या काड्या माझ्याकडून न्या, पैसे नकोत. मिरगाच्या आधी या मात्र, नंतर शेजारीण छाटून नेते.