मदत हवी आहे: बाथरूममधला गॅस गिझर, बाळंतिणीची शेगडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नेमका कुठे लावायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. इमारत जुनी, घर टू बीएचके. येत्या २० तारखेला नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येतेय. ती यायच्या आत एक गोष्ट मार्गी लावायची आहे, पण जितक्यांना विचारावं तितकी वेगळी उत्तरं मिळताहेत, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या महिन्यात सासूबाई आंघोळ करून बाहेर आल्या त्या भिंतीला धरूनच. डोकं जड, मळमळ, पायांत त्राण नाही. त्यांना आडवं केलं, बाल्कनीचं दार उघडलं, तासाभरात हुशारी आली. डॉक्टरांकडे नेलं तर बीपी ठीक, साखर ठीक. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात आहे, तो बोटाला लावला होता, त्यात ९८ दिसलं. उपास होता, पित्त झालं असेल, असं आम्हीच ठरवून टाकलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. त्या दिवशी त्यांच्याआधी मी आणि मुलानं लागोपाठ आंघोळ केली होती आणि माझंही कपाळ ठणकत होतं. तेव्हा कुठे माझं लक्ष गिझरकडे गेलं.

गिझर सहा लिटरचा, पाइपच्या गॅसवर चालणारा, बाथरूमच्या आतच बसवलेला. धूर बाहेर नेणारी नळी नाही. खिडकी डक्टमध्ये उघडते, काचेच्या पट्ट्यांची आहे. तिथे कबुतरं घरटी करायची, म्हणून यंदा पावसाळ्याआधी आम्हीच तिच्यावर अ‍ॅक्रिलिकची शीट सिलिकॉननं चिकटवली. म्हणजे हवा यायची एकमेव वाट आपल्या हातानं बंद केली. सासूबाईंना दोनदा पित्ताची गोळी देऊन झोपवलं, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

त्या दिवसापासून गिझर बंद आहे, पाणी ओट्यावर तापवतोय. स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकल दुकानातून ‘गॅस डिटेक्टर’ आणला. दुकानदार म्हणाला सगळे गॅस पकडतो, पण खोक्यावर फक्त एलपीजी आणि मिथेन लिहिलंय. हा कार्बन मोनॉक्साइड पकडेल का? नसेल तर योग्य तो कुठे लावायचा? बाथरूममध्ये, पॅसेजमध्ये की नणंदेच्या खोलीत? वर की खाली?

आणि दुसरी काळजी शेगडीची. सासूबाईंच्या मनात बाळ-बाळंतिणीला रोज कोळशाची शेगडी आणि ओवा, वावडिंग, बाळंतशोपांची धुरी द्यायची आहे. मालिश करणाऱ्या मावशींचं म्हणणं, दारं-खिडक्या लावूनच घ्यायची, वारं लागतं. मला या दोघींचा मान राखायचा आहे, पण आता बंद खोलीत निखारे म्हटलं की छातीत धस्स होतं. मी उगाच घाबरतेय का?

प्रतिसाद: पारसिकवारा

ताई, उगाच घाबरत नाही आहात. मी नेरूळला राहतो आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात काम करतो, गॅस मीटर रोज हातात असतात.

तुमचा डिटेक्टर टाकून देऊ नका, पण तो गळतीसाठी आहे. न जळलेला गॅस आणि अर्धवट जळण्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड या दोन वेगळ्या गोष्टी. गळतीचा निदान वास येतो, कारण तो मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तुमच्याकडे पाइपचा गॅस आहे, तो हवेपेक्षा हलका, म्हणून हा डिटेक्टर स्वयंपाकघरात छताजवळ लावा. सिलिंडरवाल्यांनी तोच जमिनीजवळ लावायचा, एलपीजी जड असतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्या. त्यावर ईएन ५०२९१ (युरोपचं) किंवा यूएल २०३४ (अमेरिकेचं) हे मानक छापलेलं असतं. आतल्या सेन्सरचं आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं, मागच्या बाजूला बदलण्याची तारीख असते ती बघून घ्या. हा गॅस हवेपेक्षा किंचितच हलका असतो आणि खोलीभर मिसळतो, त्यामुळे ‘खाली साचतो’ हे ऐकीव आहे. तुमच्या घरात एक अलार्म पॅसेजमध्ये, बाथरूम आणि झोपायच्या खोल्यांच्या मधे: भिंतीवर, दाराच्या चौकटीपेक्षा वर, छतापासून १५ सेंटीमीटर तरी खाली. दुसरा बाळंतिणीच्या खोलीत, पलंगावर निजल्यावर नाक जिथे येतं साधारण त्या उंचीला. पडद्यामागे नको, कपाटात नको, खिडकीला किंवा पंख्याला लागून नको. बाथरूमच्या आत वाफेनं तो खराब होतो. देवघराच्या वरही नको.

आता खरं महत्त्वाचं. अलार्म बसवला म्हणून तो गिझर पुन्हा सुरू करू नका. ईएन मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग गॅस) ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. पण हे प्रमाण अलार्मपाशी असायला हवं. कडी लावलेल्या बाथरूममध्ये ते कितीही चढलं तरी बाहेर पॅसेजमध्ये कळायला उशीर होणार, तोवर आतला माणूस खाली पडलेला असेल. हिशोब बघा: सहा लिटरचा गिझर तासाला साधारण एक घनमीटर गॅस जाळतो, त्याला दहाएक घनमीटर हवा लागते. सहा बाय चार फुटांच्या बाथरूममध्ये एकूण हवा साडेपाच घनमीटर. दोन आंघोळी म्हणजे वीस मिनिटं, तेवढ्यात तीन घनमीटरहून जास्त हवा वापरली गेली. ऑक्सिजन कमी झाला की ज्योत नीट जळत नाही आणि हा विषारी गॅस वाढत जातो. म्हणून तिसऱ्या नंबरला जाणाऱ्या सासूबाईंनाच त्रास झाला. एक्झॉस्ट लावून भागत नाही, आत यायला हवा नसेल तर तो बाहेर काय फेकणार?

गिझर बाथरूमबाहेर जायलाच हवा. ड्राय बाल्कनीत लावणार असाल तर तिथली स्लायडिंग खिडकी कायम उघडी राहील अशी सोय करा. नाहीतर सरळ विजेचा घ्या. आणि बाथरूमची कडी बाहेरूनही उघडेल अशी बसवा, हे काम आजच करा.

प्रतिसाद: खाडीकाठ

मी डॉक्टर आहे, दोनच गोष्टी सांगते. हा गॅस हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि घरातल्या ऑक्सिमीटरला त्यातला फरक ओळखता येत नाही. त्यामुळे ९८ आकड्यावर विसंबू नका. रक्तात कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा गॅस चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासतात, पण साध्या हवेत ते चार-पाच तासांत निम्म्यावर येतं, म्हणून लगेच जावं लागतं आणि ‘गॅस गिझर आहे’ हे आपणहून सांगावं लागतं. कुणी बेशुद्ध असेल तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग १०८ लावा. आत जाणाऱ्यानंही श्वास रोखून, दार सताड उघडूनच जायचं. सासूबाईंना अजून डोकेदुखी किंवा विसरल्यासारखं होत असेल तर पुन्हा दाखवा.

शेगडीबद्दल: बंद खोलीत कोळसा नकोच. निखारा धूर देत नाही तेव्हाही हा गॅस देत असतो. पोटातल्या बाळाच्या रक्तात तो आईपेक्षा जास्त साठतो आणि उशिरा निघतो, तेव्हा प्रसूतीआधीचे दिवसही सांभाळा. तान्ह्या बाळाला धुरीही नको. शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून बाळंतिणीला द्या, बाळाला मऊ दुपट्यात गुंडाळा. ऊब महत्त्वाची, ती कोळशानंच यायला हवी असं नाही.

धागाकर्तीची भर

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. आकड्यांपेक्षा पोटातल्या बाळाचं वाक्य त्यांच्या मनाला लागलं. बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “मला जे झालं ते तिला नको.” मावशींशी त्या स्वतः बोलणार आहेत. ओवा आता पुरचुंडीत बांधून तव्यावर गरम करायचा, त्यानं बाळंतिणीची कंबर शेकायची, असं त्यांनीच सुचवलं.

कडी आज बदलली. विजेचा गिझर शनिवारी बसतोय, गॅसचा त्याच दिवशी निघेल आणि त्याची जोडणी अधिकृत माणसाकडून बंद करून घेऊ. अलार्म दोन मागवलेत. सासूबाईंचं डोकं मधूनमधून दुखतंच, म्हणून उद्या त्यांना पुन्हा दाखवतेय, या वेळी गिझरचं सांगूनच.

एक प्रश्न मात्र उरलाय. शीट काढल्यावर लक्षात आलं की आमच्या डक्टमध्ये वरच्या-खालच्या मजल्यांवरच्या बाथरूमच्या खिडक्याही उघडतात. त्यातल्या निदान चार घरांत असेच गिझर आहेत आणि दोन घरांनी कबुतरांसाठी आमच्यासारखीच शीट लावलीय. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, तिथे हा विषय मांडणार आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाच्या सोसायटीनं याबद्दल नोटीस काढली असेल तर तिची भाषा कशी होती ते कृपया कळवा. शिवाय कबुतरं अडतील पण हवा अडणार नाही अशी जाळी डक्टच्या वरच्या तोंडाला बसवून घेतली असेल तर तेही लिहा.