अनुदान छतावरच्या पॅनेलला, मग छताखालच्या उकाड्याला का नाही?

नवतपा (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

यंदा आमच्या गल्लीतल्या चौथ्या घरावर सौर पॅनेल बसले. केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून त्या घरमालकांच्या खात्यात 78,000 रुपये जमा झाले, याचा मला आनंदच आहे आणि माझी तक्रार त्यांच्याविषयी मुळीच नाही. प्रश्न वेगळा आहे. आमच्या वरच्या खोलीत मे महिन्यात रात्री अकरा वाजता पंखा सुरू केला, की अंगावर येतो त्याला वारा म्हणवत नाही. दिवसभर स्लॅबने पिऊन ठेवलेले ऊनच तो पंखा खाली ढकलत असतो. मग एसी लावायचा, मग वीजबिल वाढायचे, आणि ते बिल कमी करण्यासाठी सरकारने पॅनेलला पैसे द्यायचे. या साखळीच्या पहिल्या कडीला, म्हणजे तापणाऱ्या छताला, कोणी हात का लावत नाही?

आकडे पाहू. फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेची तरतूद 75,021 कोटी रुपयांची असून उद्दिष्ट 1 कोटी घरांचे आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 रुपये मिळतात. 1 किलोवॅटचे पॅनेल महिन्याला साधारण 120 युनिट देते. आता पंख्याकडे या. जुना पंखा 75 वॅट खातो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरचा पंखा 30 वॅटच्या आसपास. दिवसाला 15 तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिट वाचतात, म्हणजे चार पंख्यांमागे 80. एका किलोवॅटच्या पॅनेलचे दोन तृतीयांश काम चार पंखे करतात, आणि तेही गच्ची नसलेल्या घरात. या पंख्यासाठी ग्राहकाच्या खात्यात एक रुपया येत नाही. उलट सप्टेंबर 2025 मध्ये एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि वीज वाचवणाऱ्या पंख्यावर तो आधीपासून 18 टक्केच आहे. सरकारच्या लेखी दोघेही सारखेच.

नव्या घरांसाठी 2018 मध्ये ‘इको निवास संहिता’ आली आणि भिंतींतून व खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिने घालून दिली. आपण ज्या घरांत राहतो ती मात्र बांधून झालेली आहेत. त्यांच्या छतावर परावर्तक रंग किंवा साधा चुना लावण्यासाठी आणि जुने पंखे बदलण्यासाठी पॅनेलच्या अनुदानातला काही हिस्सा वळवावा, असे माझे मत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

गच्चीवरचा (मनीषनगर)

आपल्या मताचा आदर राखून पूर्ण असहमती नोंदवतो. सरकारी पैसा जिथे जातो तिथे तो पोहोचला की नाही हे मोजता आले पाहिजे. पॅनेलच्या बाबतीत नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) बसतो, पाहणी होते, आणि किती युनिट तयार झाले व किती ग्रीडला गेले हे दर महिन्याच्या बिलावर छापून येते. चुन्याचे काय मोजणार? कोणत्या गच्चीला दोन हात दिले आणि कोणत्या गच्चीवर नुसता फोटोपुरता ब्रश फिरवला, हे पाहायला कोण जिना चढणार आहे? आपल्या भाषेत ‘चुना लावणे’ हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही.

दुसरे असे, की पॅनेल उष्णता थांबवत नाही हे आपले गृहीतकच चुकीचे आहे. माझ्या गच्चीवर 3 किलोवॅटची यंत्रणा उंच ढाच्यावर बसवली आहे आणि तिने खालचा बराचसा स्लॅब दिवसभर सावलीत ठेवला आहे. त्या सावलीखालच्या खोलीत दुपारी झोप लागते, शेजारच्या खोलीत लागत नाही. म्हणजे वीज, सावली आणि वाळवणाला हवेशीर जागा, हे तिन्ही एका खर्चात मिळते.

तिसरे, पॅनेलच्या योजनेतून गरीब ग्राहक वगळला जातो असा आक्षेप नेहमी घेतला जातो, तोही आता खरा राहिलेला नाही. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला 100 युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या घरांसाठी राज्याने 2025 मध्ये ‘स्मार्ट’ या नावाने केंद्राच्या रकमेवर वेगळी भर देणारी योजना आणली आहे.

इतवारी

चारही पंखे रोज 15 तास कोणाच्या घरी चालतात? आमच्या घरात माणसे पाच, पंखे सहा आणि एका वेळी फिरणारे दोन. नवतपा यांनी 80 ऐवजी 40 युनिट धरावेत, आणि डिसेंबर-जानेवारीत शून्य.

भाडेकरू (मानेवाडा)

वरची चर्चा वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली: यातील प्रत्येकाकडे स्वतःची गच्ची आहे.

मी दोन खोल्यांत भाड्याने राहतो. वीजजोडणी घरमालकांच्या नावावर आहे, माझ्यासाठी आतमध्ये वेगळा सबमीटर आहे, आणि युनिटचा दर मालक ठरवतात. पॅनेलसाठी अर्ज करायचा तर ग्राहक क्रमांक माझा नाही, छत माझे नाही, आणि उद्या घर सोडले तर पॅनेल पाठीवर बांधून नेता येणार नाही. मालकांनी पॅनेल बसवले तर त्यांचे बिल शून्याकडे जाईल, पण माझ्या सबमीटरचा दर कमी होईल असे मानण्याइतका मी भोळा नाही. पंखा मात्र मी सोबत नेऊ शकतो. म्हणून नवतपा यांच्या प्रस्तावातला पंख्याचा भाग माझ्यासारख्यांना लागू पडतो, आणि माझ्या मते तोच त्यात सर्वांत मोलाचा आहे.

छताविषयीही थोडे लिहितो. माझे बालपण महाल भागातल्या कवेलूच्या (कौलारू) घरात गेले. उन्हाळ्यापूर्वी कवेलू फेरायला माणूस यायचा, खाली लाकडी पाटण असायचे आणि मधल्या पोकळीत गरम हवा अडून राहायची. आज ज्या वस्त्यांत लोक टिनाखाली राहतात, तिथे ना पाटण आहे ना पोकळी. दुपारी टिनावर पोते ओले करून टाकतात आणि तासाभरात ते वाळते. त्या टिनावर पॅनेलचा ढाचा उभा राहू शकत नाही, पांढरा रंग मात्र बसू शकतो. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. उन्हाच्या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा मागे आहोत असे कोणी म्हणणार नाही.

हिशेबी (धरमपेठ)

मी दोन्ही पक्षांच्या विरोधात आहे. अनुदान पॅनेलला नको, चुन्यालाही नको आणि पंख्याला तर नकोच.

अनुदानाचा पैसा ग्राहकाच्या खात्यात जमा होतो हे खरे, पण तो तिथे थांबतो का? याआधीच्या योजनेत प्रति किलोवॅट 14,588 रुपये मिळत, म्हणजे 3 किलोवॅटला 43,764. ती रक्कम 78,000 झाली, तेव्हा मी एका विक्रेत्याकडून घेतलेले जुने दरपत्रक घेऊन पुन्हा त्याच्याकडे गेलो. त्याने नवे दरपत्रक दिले, त्यात ढाचा, तारा आणि ‘इतर’ या तीन ओळी फुगलेल्या होत्या. विचारले तर म्हणाला, “साहेब, तुमच्या खिशातून तर कमीच जात आहे ना?” देशी बनावटीच्या पॅनेलची अट असल्याने माल महाग पडतो हे मला मान्य आहे, परंतु ‘इतर’ देशी कसे असते ते त्याला सांगता आले नाही.

हा रोग आपलाच आहे असेही नाही. इटलीने 2020 मध्ये घरांच्या ऊर्जा-सुधारणेसाठी खर्चाच्या 110 टक्के करसवलत दिली. खर्चापेक्षा जास्त परत मिळणार असेल तर घरमालक कंत्राटदाराशी घासाघीस कशाला करेल? त्या योजनेचा बोजा 100 अब्ज युरोंच्या पुढे गेला. ब्रिटनने त्याच वर्षी 6 लाख घरांचे उद्दिष्ट ठेवून अनुदानाची व्हाउचर योजना काढली आणि सहा महिन्यांत गुंडाळली; काम करणारे प्रशिक्षित कारागीर पुरेसे नसणे हे त्यामागचे एक कारण होते. ऑस्ट्रेलियात 2009 मध्ये छतात उष्णतारोधक थर बसवण्यासाठी सरकारने पैसा ओतला, रातोरात उगवलेल्या कंत्राटदारांनी पोरे माळ्यावर चढवली आणि चार कामगारांचा जीव गेला. घाईने वाटलेला पैसा कोणत्या दाराने आत येतो हे यावरून दिसावे.

आणि आपल्याकडे अनुदानाशिवाय झालेले काम कोणते, तर एलईडी दिवे. 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत सरकारी कंपनीने दिव्यांची एकगठ्ठा खरेदी केली, स्पर्धेमुळे खरेदीचा दर 310 रुपयांवरून काही वर्षांत 40 च्या खाली आला आणि 36 कोटींहून अधिक दिवे लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतले. पंख्यांच्या बाबतीतही हाच मार्ग आहे. 1 कोटी पंख्यांचा असा कार्यक्रम 2023 मध्ये जाहीर झालेलाच आहे. शिवाय जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्याला वीजबचतीचे तारांकन (स्टार लेबल) सक्तीचे आहे. ते निकष दर काही वर्षांनी कडक करत जा, म्हणजे वाईट पंखा दुकानातूनच हद्दपार होईल.

जुना वायरमन (सक्करदरा)

तीस वर्षे या शहरात वायरिंग आणि मोटरचे काम केले, त्या बळावर दोन गोष्टी सांगतो. एक नवतपा यांच्या बाजूची आहे, दुसरी नाही.

नागपूरचा एसी चालतो रात्री नऊ ते सकाळी सहा. पॅनेल त्या वेळी झोपलेले असते. नेट मीटरमुळे दिवसाचे युनिट बिलात वळते होतात, त्यामुळे ग्राहकाला वाटते की आपण सूर्यावर एसी चालवला. प्रत्यक्षात त्या रात्रीची वीज कोराडीच्या 660 मेगावॅटच्या संचांसारख्या ठिकाणी कोळसा जाळून आलेली असते. त्यात मे महिन्यात पॅनेल स्वतःच तापते. 25 अंशांच्या पुढे प्रत्येक अंशाला उत्पादन 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते, आणि दुपारी काच 65 अंशांवर गेली की कागदावरच्या क्षमतेतून 12 ते 16 टक्के वजा करा. वर धूळ बसलेली असते ती वेगळी. रात्रीची मागणी कमी करायची असेल तर छत थंड करणे आणि कमी वॅटचा पंखा, हेच दोन उपाय त्या वेळी कामाला येतात. गच्चीवरचा यांची सावली मात्र खरी आहे, ते मी स्वतः अनेक घरांत अनुभवले.

आता दुसरी बाजू. साधा पंखा मंद झाला की मी साठ-सत्तर रुपयांचा कंडेन्सर बदलतो, बेअरिंगला ग्रीस देतो आणि तो आणखी पाच वर्षे फिरतो. गुंडाळी जळली तर रिवाइंडिंग होते. बीएलडीसी पंख्यात एक हिरवी पट्टी (सर्किट बोर्ड) असते. पावसाळ्यात वीज खालीवर झाली की ती पट्टी जाते, माझ्या दुकानात तिच्यावर इलाज नाही आणि हमीची मुदत संपलेली असेल तर कंपनी नवी पट्टी जवळपास पंख्याच्या अर्ध्या भावात देते. अशा वेळी गिऱ्हाईक काय करते? माळ्यावरचा जुना 75 वॅटचा पंखा काढून पुन्हा लटकवते. म्हणून पैसा द्यायचाच असेल तर तो खरेदीला न देता पाच वर्षांच्या हमीला जोडावा.

नवतपा

इतवारी यांचा हिशेब मान्य. चार पंख्यांचा दाखला मी ताणला होता. दोन पंखे आणि वर्षातले आठ-नऊ महिने धरले तरी भाडेकरू यांना मिळणारा फायदा माझ्या मूळ मुद्द्यापुरता पुरेसा आहे. हमीची सूचना मला पटली आणि ती माझ्या डोक्यात आलेली नव्हती.

हिशेबी यांना मात्र एक विचारायचे आहे. निकष कडक केल्याने नवा पंखा चांगला येईल, पण जो आज फिरतो आहे तो छतावरून खाली कसा उतरेल? एलईडी दिव्याची गोष्ट वेगळी होती, कारण जुना दिवा वर्षभरात आपोआप उडत असे. वायरमन यांच्या हातून गेलेला पंखा वीस वर्षे उडत नाही.

मोजता येत नाही या गच्चीवरचा यांच्या आक्षेपावर मी एक छोटा प्रयोग केला. गेल्या रविवारी गच्चीच्या अर्ध्या भागाला चुना आणि फेविकॉल कालवून दोन हात दिले. सामानाचा खर्च हजाराच्या आत आला. करोनाच्या काळात कपाळावर रोखायला घेतलेला तापमापक अजून घरी आहे आणि त्यात पृष्ठभागाचे तापमान दाखवण्याचीही सोय आहे. सलग तीन रात्री अकरा वाजता स्टुलावर उभे राहून आतून छत मोजले. चुन्याखालचा भाग 36 ते 37 दाखवत होता, कोरा भाग 40 ते 41. हे उपकरण साडेतीनशे रुपयांचे आहे. मीटर वाचायला येणाऱ्याच्या हाती ते दिले, तर मोजणी होऊ शकते.

गच्चीवरचा

प्रयोगाबद्दल मनापासून अभिनंदन, आणि आकडेही मी खोटे मानत नाही. मात्र हाच तापमापक घेऊन दिवाळीनंतर पुन्हा एकदा स्टुलावर चढावे, ही विनंती. माझ्या आईने गच्चीला सलग सहा वर्षे चुना लावला होता. मृगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीला तो पन्हाळीतून उतरून तुळशीवृंदावनाजवळ साचायचा आणि पुढच्या मार्चमध्ये मलाच पुन्हा बादली घेऊन वर जावे लागायचे. पॅनेलला मी महिन्यातून दोनदा पाणी मारतो, आणि त्याला आता तिसरे वर्ष चालू आहे.