पुण्यात वाकडला दुसरा फ्लॅट भाड्यासाठी घ्यावा की इंडेक्स फंडच वाढवावा?

औंधकर:
राहतं घर स्वतःचं, कर्ज नाही. नवरा-बायको दोघंही आयटीत, दोघंही नव्या करप्रणालीत. एफडी आणि लिक्विड फंड मिळून 42 लाख, निफ्टी 50 इंडेक्स फंडात (50 बड्या कंपन्यांच्या निर्देशांकाबरोबर चालणारा फंड) 14 लाख, एसआयपी दरमहा 40 हजार. वाकडला रेडी पझेशन टूबीएचके 85 लाखांना मिळतोय. त्याच सोसायटीत तसल्या फ्लॅटला 25 हजार भाडं आहे. 60 लाख कर्ज, 8.5 टक्के, 20 वर्षं असा विचार आहे. फ्लॅट घेऊन एसआयपी कमी करावी का? दोन्हीचा मेळ कसा घालायचा ते आकड्यांत सांगा. ‘जमिनीला मरण नाही’ वगैरे सासरी ऐकून झालंय.

हिशेबनीस:
आधी फ्लॅटची खरी किंमत मांडा. मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 5.95 लाख (एकट्या बायकोच्या नावावर घेतलात तर एक टक्का कमी), नोंदणी 30 हजार. ट्रॉली, कपाटं, पंखे, गीझर धरून पावणेचार लाख. झाले 95 लाख. म्हणजे तुमच्या खिशातून रोख 35 लाख जाणार आणि हाताशी उरणार 7.

आता भाडं. वर्षाचे 12 महिने धरू नका, 11 धरा: 2.75 लाख. त्यातून मेंटेनन्स 42 हजार, मालमत्ता कर 12, डागडुजी 20, दलाली आणि करार 13, सोसायटीचे बिनवापर शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून) 3. राहिले 1.85 लाख. 95 लाखांवर हे दोन टक्केसुद्धा भरत नाहीत.

हप्ता 52,069 रुपये, वर्षाचे सव्वासहा लाख. म्हणजे दरमहा साडेछत्तीस हजार पदरचे घालायचे. तुमची एसआयपी 40 हजारांची आहे. तेव्हा प्रश्न ‘कमी करावी का’ असा नाहीच, ती बंद पडणार आहे.

तेच 35 लाख आणि तेच दरमहाचे पैसे इंडेक्स फंडात 11 टक्क्यांनी वाढले असं धरलं (भाडं दरवर्षी 5 टक्के वाढवून, म्हणजे तूट घटत जाईल), तर दहा वर्षांनी साधारण 1 कोटी 70 लाख होतात. फ्लॅटच्या बाजूला तेव्हा 42 लाख कर्ज शिल्लक असेल. बरोबरी साधायला फ्लॅट 2 कोटी 12 लाखांना विकला जायला हवा, म्हणजे भाव सलग दहा वर्षं दरसाल साडेनऊ टक्के वाढायला हवा. 6 टक्केच वाढला तर कर्ज फेडून हाती येतात 1 कोटी 10 लाख. 11 ऐवजी 9 टक्के घालून स्वतः पुन्हा मांडून बघा, एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे.

सदाशिवपेठी:
गणित बरोबर, माणूस चुकीचा धरलाय. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,362 वर होता, 23 मार्चला 7,610. अडतीस टक्के दोन महिन्यांत गेले. त्या वेळी एसआयपी थांबवणारे कमी नव्हते. गृहकर्जाचा हप्ता मात्र कोणी ‘जरा बाजार सावरू दे’ म्हणून थांबवत नाही. या सक्तीची किंमत हिशेबनीसांच्या तक्त्यात कुठेच नाही.

करकापणी:
कराचं राहिलंच. भाडं 2.75 लाख, त्यातून भरलेला मालमत्ता कर वजा, उरलेल्यावर सरसकट 30 टक्के वजावट. मेंटेनन्स वेगळा मागता येत नाही, तो त्या तीसातच आला. मग व्याज, पहिल्या वर्षी सुमारे 5.05 लाख. उत्तर येतं 3.2 लाख तोटा. जुन्या प्रणालीत यातले 2 लाख पगारातून वजा होऊन तीस टक्केवाल्याचे 62,400 वाचले असते. नव्या प्रणालीत पगाराशी हा तोटा जुळवता येत नाही. बिल्डरचा सेल्समन अजून जुनंच गणित दाखवतो, त्याला भुलू नका.

विकताना नफ्यावर दोन्हीकडे 12.5 टक्के कर (फ्लॅट 24 महिन्यांनंतर, फंड 12 महिन्यांनंतर). फरक असा की फंडात दरवर्षी सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त काढता येतो, फ्लॅट तुकड्यांत विकता येत नाही.

घेतलाच तर किंमत 50 लाखांवर असल्याने विकणाऱ्याच्या पैशातून 1 टक्का, म्हणजे 85 हजार, करापोटी कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी तुमची. विकणारा परदेशस्थ असेल तर 1 टक्का चालत नाही, कपात बरीच मोठी असते. इसार देण्याआधी हे विचारा.

हिंजवडीफेज२:
मला परताव्यापेक्षा दुसरीच काळजी वाटते. तुम्ही दोघं आयटीत, वाकडचा भाडेकरू आयटीत, वाकडचे भाव आयटीवर. 2020 मध्ये ऑफिसं घरी गेली, भाडेकरू फ्लॅट सोडून गावी गेले आणि बाजारही त्याच महिन्यांत पडला होता. अशा वेळी 7 लाखांत घरखर्च आणि हप्ता दोन्ही चालवायचे म्हणजे सहा महिने जेमतेम.

घर भाड्याने द्यायचंच असेल तर 50 लाखांच्या आतला वनबीएचके बघा, चिंचवड-निगडीकडे, जिथे कारखान्यांतली आणि बँकांतली माणसं राहतात. 25 लाख कर्ज घेतलंत तर हप्ता 21,700. भाडं साडेचौदा हजार धरलं तर पदरचे तेरा हजारांच्या आसपास जातील आणि 26-27 हजारांची एसआयपी चालू राहील. शिल्लकही अंगाशी येत नाही. रीट (भाड्याच्या व्यापारी इमारती बाळगणारा, बाजारात युनिट विकणारा ट्रस्ट) घेऊन हाच धोका टळेल असं समजू नका. एम्बसी, माइंडस्पेस, ब्रुकफील्ड हे ऑफिसांचे, त्यांच्या मोठ्या भाडेकरूंत तंत्रज्ञान कंपन्या बऱ्याच. नेक्सस मॉलवाला, तो थोडा वेगळा.

औंधकर:
वनबीएचकेचा विचार पटतोय. भाडेकरार 11 महिन्यांचा नुसत्या स्टॅम्पपेपरवर चालतो का? एजंट ‘सगळे तसंच करतात’ म्हणतो.

करकापणी:
नाही. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवायचाच असतो, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. न नोंदवलेल्या करारात वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरलं जातं. खर्च तरी किती? एकूण भाडं अधिक अनामतीवर वार्षिक 10 टक्के, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. साडेचौदा हजार भाडं आणि 50 हजार अनामतीला पाचशेच्या आत येतं. शहरात नोंदणीचे हजार. आधार आणि अंगठा घेऊन घरबसल्या होतं. पोलिसांकडची भाडेकरूची माहिती त्याच दिवशी भरा. सोसायटी बिनवापर शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर मागत असेल तर देऊ नका, ती मर्यादा सरकारी आदेशाची आहे.