जीपला मॅटाडोरचं इंजिन आहे म्हणून ती विंटेज नाही?

डिचोलीचा जीपवाला
विषय किचकट आहे, पण गोव्यात ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्यांनी जरूर बोलावं.

केंद्राने जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. आधीचा नंबर असेल तर तोच राहतो. इथपर्यंत उत्तम. खोच पुढे आहे: गाडी मूळ स्वरूपातच हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही.

आमची जीप साठच्या दशकातली, वडिलांनी खाणीवरच्या एका कंत्राटदाराकडून घेतलेली. ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यांनी तिला मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलं. चोरून नाही. गाडी आरटीओत नेली, इन्स्पेक्टरने बॉनेट उघडून इंजिन नंबर ताडून पाहिला आणि आरसी बुकात इंधन बदलल्याची नोंद करून सही-शिक्का दिला. ते पान मी जपून ठेवलंय. शाई उडालीय, शिक्का मात्र स्पष्ट वाचता येतो. त्या काळी जीप आणि अँबेसेडरला डिझेल इंजिन घालणं ही सर्रास गोष्ट होती, आणि सरकारच त्यावर शिक्का मारत होतं.

आता तोच शिक्का आडवा येतो. सरकारने मान्य केलेला बदल सरकारच दोष म्हणून मोजणार असेल, तर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मडगावची फियाट
दादा, वडिलांनी केलं ते त्या काळी योग्यच होतं, पण तुमची मागणी मला पटत नाही. विंटेज नोंदणी म्हणजे गाडीवरच्या प्रेमाचं प्रशस्तिपत्र नव्हे. कंपनीने गाडी बनवली तेव्हा ती कशी होती, कशी चालत होती, हे पुढच्या पिढीला दिसावं म्हणून ती आहे. माझी फियाट ११०० अजून मूळ इंजिनावर आहे. कार्बोरेटरचा एक भाग मिळेना म्हणून गाडी कित्येक महिने झाकून उभी होती, पण दुसरं इंजिन घातलं नाही. तुमच्या आणि माझ्या गाडीला एकच पाटी मिळाली तर त्या पाटीला काय अर्थ उरला?

दुसरं, जीपच्या बाबतीत लबाडी फार. लष्कराच्या लिलावातला सांगाडा, गॅरेजात ठोकलेली नवी बॉडी आणि कुठल्यातरी भंगार जीपचं आरसी बुक, असं जुळवून गाड्या विकल्या जातात. एका चेसिस नंबरावर दोन जीपा फिरताना लोकांनी पाहिल्यात. इंजिनाची अट सैल केलीत की पहिला फायदा हेच लोक घेणार.

वागातोरची ताई
मला इंजिनातलं कळत नाही. आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री काय चालतं ते येऊन ऐका. सायलेन्सर काढलेल्या बुलेट घराच्या भिंतीला लागून जातात. सासूबाई दचकून उठतात, परत झोप लागत नाही. आवाजाच्या नियमासाठी कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, तरी हे थांबत नाही. अशा वेळी मॉडिफिकेशनला आणखी सवलत मागणं मला चुकीचं वाटतं.

डिचोलीचा जीपवाला
ताई, त्या सायलेन्सरवाल्यांना दंड झालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ती पोरं कुठल्याही कार्यालयात गाडी दाखवायला गेली नव्हती. आमचे वडील गेले होते. दोघांना एकाच रांगेत उभं करू नका, एवढंच म्हणणं.

फोंड्याचा मेकॅनिक
इंजिनाचं सोडा, पत्र्याचं काय? गोव्यात चार महिने पाऊस आणि समुद्राकडची खारी हवा. कुठल्याही जुन्या गाडीचं रबर मॅट उचला आणि खाली स्क्रूड्रायव्हरने ठोका, दहातल्या आठ गाड्यांत तो आरपार जातो. मग फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड करावाच लागतो. हा बॉडीतला मोठा फेरफार की साधी दुरुस्ती? एक इन्स्पेक्टर पास करतो, दुसरा फोटो काढून परत पाठवतो. घाटावरच्या कोरड्या हवेतल्या गाडीला जमणारी अट इथे जशीच्या तशी कशी लावणार?

पेडण्याची येझ्दी
मुळात विंटेज करून घ्यायची घाई कशाला? ती पाटी लागली की रोजच्या वापराला गाडी नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स. माझी येझ्दी मोटारसायकल १९८५ची. मी तिच्यावरून रोज म्हापशाला कामाला जातो. विंटेजला अजून दहाएक वर्षं बाकी, आणि १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या दुचाकीला त्याचे २,००० रुपये झाले, मोटारीला १०,०००. पैसे भरायला माझी ना नाही. पण १५ ते ५० वर्षांच्या मधल्या, नीट राखलेल्या गाड्यांसाठी काहीच वेगळं नाही, ही खरी अडचण आहे. तिच्याबद्दल कोण बोलणार?

मडगावची फियाट
मेकॅनिक भाईंचा मुद्दा मला मान्य. गंजलेला फ्लोअर बदलणं ही दुरुस्तीच, नियमात ते स्पष्ट लिहावं. इंजिनाबाबत मात्र मी हटणार नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही.

डिचोलीचा जीपवाला
तो निकाल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर आहे, आणि ते कलम आजच्या रूपात ऑगस्ट २०००मध्ये आलं. त्याआधी आरटीओची मंजुरी घेऊन बदल करता येत होता, आमच्या जीपचा बदल त्यातलाच. आजही सीएनजी किट बसवता येतं, दिव्यांगांसाठी स्कूटरला बाजूची चाकं लावता येतात, फक्त मंजुरी आणि तपासणी लागते. म्हणजे तपासून नोंद करायची पद्धत कायद्याला परकी नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. ऑगस्ट २०००च्या आधी आरसीत रीतसर चढलेला इंजिनबदल विंटेजसाठी ग्राह्य धरा, आणि प्रमाणपत्रावर तो ठळक लिहा, म्हणजे तुमच्या फियाटशी कुणी गल्लत करणार नाही. चेसिस नंबर कार्यालयाच्या जुन्या रजिस्टरशी जुळला नाही तर अर्ज तिथेच फेटाळा. लबाडी करणारा याच चाळणीत अडकेल.

मडगावची फियाट
रजिस्टरची अट चांगली आहे, तेवढ्यावर मी सही करीन. पण प्रमाणपत्रावर 'विंटेज' नको, दुसरा वर्ग करा. मूळ इंजिनाच्या गाडीला जो मान आहे तो वाटून घ्यायला माझी तयारी नाही.

डिचोलीचा जीपवाला
वर्ग दुसरा असला तरी चालेल, जीप कायदेशीरपणे रस्त्यावर राहिली पाहिजे. पेडणेकर, तुमच्या येझ्दीसारख्या मधल्या गाड्याही त्याच वर्गात घालायच्या का, ते सांगा. वाहतूक खात्याला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी लिहायला घेतलाय.