गाडी रुतली तर दोर नेमका बांधायचा कुठे? (टोचन, हुक, शॅकल – सल्ला हवा)

रानभूल
मंडळी, गेल्या रविवारी पारनेरकडे एका शेतरस्त्यावर गाडी रुतली. आदल्या रात्री पाऊस झालेला, त्यात काळी माती. माझी गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, मोनोकॉक बॉडीची (म्हणजे वेगळी चासी नसलेली). ग्राउंड क्लिअरन्स बरा आहे म्हणून शहाणपणा केला आणि पुढची दोन्ही चाकं निम्म्यापर्यंत आत. शेजारच्या वस्तीवरचे एक दादा ट्रॅक्टर घेऊन आले, दहा मिनिटांत बाहेर काढलं, वर पैसेही घेईनात.

घोळ माझाच. "नाडा कुठे बांधू?" असं त्यांनी विचारलं तेव्हा बंपरखाली पत्र्याची एक कडी दिसली, तीच दाखवली. घरी येऊन टॉर्च घेऊन वाकलो तर ती कडी उघडून आकड्यासारखी झालेली आणि शेजारचा पत्रा बोटभर फाटलेला. मग बांधायचं कुठे? बाहेरून हुक बसवून घ्यावेत का? आणि डिकीत काय ठेवावं?

घाटवाट
ती कडी ओढायची नव्हतीच. नवी गाडी ट्रकवर किंवा जहाजात चढवल्यावर हलू नये म्हणून तिच्यातून पट्टा घालून खाली आवळतात, तेवढंच तिचं काम. तुटली नाही हे नशीब. तुटली असती तर तो तुकडा नाड्यासकट ट्रॅक्टरवाल्या दादांच्या पाठीत गेला असता.

आता डिकीत स्टेपनीखालचं टूलकिट उघडा. जॅक आणि पान्याबरोबर एक जाड, आटे पाडलेली, डोळ्यासारखी कडी असते. बंपरवर एका बाजूला लहानसं झाकण दिसेल, ते स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून उचकटा. आत आटे दिसतील, त्यात ही कडी फिरवायची. काही गाड्यांत आटे उलटे असतात, म्हणून जबरदस्ती नको. हाताने बसली की पान्याचा दांडा डोळ्यातून घालून शेवटपर्यंत आवळा. दोन-चार आटे बाहेर राहिले तर कडी तिथूनच वाकणार.

ही कडीसुद्धा मुळात बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावरून टोचन लावून नेण्यासाठी आहे. चिखलातून काढायला वापराल तर सरळ रेषेत, दोर आधी ताणून घेऊन, सावकाश. तिरकं ओढायचं नाही, हिसका तर अजिबात नाही. त्याआधी अर्धा तास फावडं चालवा. चाकापुढची माती काढा, पोटाखाली टेकली असेल तिथली काढा, चाकाखाली पाचट, दगड, मिळेल ते घाला. चाकांची हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवा, पण परत भरायला पंप जवळ असेल तरच. एवढं केल्यावर जी गाडी ट्रॅक्टरला ओढावी लागते ती पुष्कळदा माणसांच्या ढकलण्यानेही निघते. आणि आली त्याच वाटेने मागे काढा, पुढे नाही.

डोंगरदऱ्या
इतकं काय त्यात! वीस वर्षं नायलॉनचा दोर आणि झटका, एवढ्यावर गाड्या काढतोय. काही होत नाही.

घाटवाट
होत नाही तोपर्यंत होत नाही. झटक्याचा वेग दुप्पट केलात की दोरात साठणारी ऊर्जा चौपट होते. ती गाडी हलवण्यात खर्ची पडली तर ठीक. नाहीतर सगळ्यात कच्चा भाग सुटतो आणि तुमच्याकडे येतो.

पर्थकर
इथे ऑस्ट्रेलियात वाळूत गाडी घालणं हा शनिवार-रविवारचा उद्योग, त्यामुळे दोन शब्द. ट्रेलर जोडायचा मागचा गोळा दिसायला भक्कम असतो, पण त्यात दोर कधीही अडकवू नका. गोळा तुटून काचेतून आत आला आणि माणूस गेला, असं इथे घडलेलं आहे. मागे चौकोनी रिसीव्हर (गोळ्याची दांडी ज्यात बसते ती पोकळ नळी) असेल तर दांडी काढून शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी यू-कडी) लावायचा खास ठोकळा बसवतात.

हिसका द्यायचाच असेल तर दोन्ही गाड्यांना चासीला बोल्ट केलेले, भार लिहिलेले हुक हवेत आणि ताणणारा पट्टा हवा. तो साधारण 20 टक्के लांबतो म्हणून धक्का मऊ बसतो. पट्ट्याची तुटण्याची ताकद दोनपैकी हलक्या गाडीच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन पट असावी. फार जाड घेतला तर ताणतच नाही. साध्या टोचनच्या पट्ट्याने हिसका देऊ नका, तो ताणण्यासाठी नसतोच. दोन पट्टे जोडायला मध्ये शॅकल नको. फास एकमेकांतून ओवा आणि मध्ये मासिकाची सुरळी घाला, म्हणजे गाठ नंतर सुटते. बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा.

बांधावरचा
आमच्याकडं पावसाळ्यात एक तरी पुणेवाला रुततोच, राग नसावा. ट्रॅक्टरवाल्याचीपण काळजी घ्या राव. नाडा खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॉली जोडायच्या पट्टीलाच बांधायचा. वर टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) बांधला आणि गाडी हटली नाही, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि सगळं धूड मागं उलटून चालवणाऱ्यावर येतं. क्लच हळू सोडायचा. वायररोप असेल तर मधोमध ओलं पोतं टाका, तुटला तर कमी उडतो. आणि मोबाइल घेऊन दोराच्या रेषेत शूटिंग करणाऱ्या पोरांना आधी हाकला.

रानभूल
सगळ्यांचे आभार. मग क्रॅशगार्ड बसवून त्यालाच हुक वेल्ड करून घेऊ का? एका दुकानदाराने सुचवलंय.

घाटवाट
नको. खासगी गाड्यांवरच्या क्रॅशगार्डला केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये बंदी घातली आहे, हा एक भाग. दुसरं म्हणजे हुक कितीही जाड असला तरी तो ज्या पत्र्याला धरलाय तेवढीच त्याची ताकद. थार, बोलेरो, फॉर्च्युनर अशा चासीवाल्या गाड्यांत हुक थेट चासीला बोल्ट करता येतो. तुमच्या मोनोकॉकला ती सोय नाही, म्हणून तुम्ही हिसक्याच्या वाटेला जाऊच नका. डिकीत फावडं, साधा टोचन पट्टा, दोन शॅकल आणि हातमोजे ठेवा, पुरे. शॅकलवर 4.75 टन असं काहीतरी कोरलेलं हवं. तो काम करायचा भार, तुटायचा नव्हे. काहीच कोरलेलं नसेल तर दुकानातच ठेवा. आणि पट्टा ॲक्सल, स्टीअरिंगचा रॉड किंवा सस्पेन्शनला गुंडाळायचा नाही, कितीही हाताशी असला तरी.

समुद्रवारा
कोकणातून एक पुरवणी. पुळणीवर गाडी नेऊच नये, बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. तरी रुतलीच तर आधी भरतीची वेळ बघा. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास मिळतात आणि त्यातले तीन माणसं "जरा रेस दे, जरा रेस दे" म्हणण्यात घालवतात. रेस दिली की चाक खोदतच खाली जातं.

रानभूल
अपडेट: टूलकिट उघडलं. जॅक आहे, पाना आहे, कडीचा खाचा रिकामा! गाडी सेकंडहँड घेतलेली, आधीच्या मालकाने कुठे टाकली कोण जाणे. मित्राच्या गाडीची लावून बघितली, बसत नाही.

घाटवाट
आटे वेगळे असणार. चासी नंबर देऊन स्पेअरच्या काउंटरवरून तुमच्याच मॉडेलची मागवा. फाटलेला पत्राही एकदा बॉडीवाल्याला दाखवून घ्या.

रानभूल
आज आली. उलट्या आट्यांची निघाली, मी पाच मिनिटं चुकीच्या बाजूने फिरवत बसलो होतो. पार्किंगमध्ये वॉचमनच्या देखरेखीखाली बसवून पाहिली. पूर्ण अकरा फेरे. वॉचमनने विचारलं, "साहेब, ह्याला कुत्रं बांधायचं का?"